शेवटून चालणाऱ्यांचा हिवाळा

दिवाळी होऊन गेली की एक सकाळ अशी येते, दार उघडलं की हवा अंगाला कोरडी लागते. ओठ ओढतात. समोरच्या वावरातली कपाशीची पऱ्हाटी कालपर्यंत हिरवी दिसत होती, ती पांढरी झालेली असते, आणि धुऱ्यावरच्या, म्हणजे बांधावरच्या, तुरीला पिवळा फुलोरा आलेला असतो. आज ती सकाळ होती. मी लोखंडी पेटीतून स्वेटर काढून झटकला, तर बाहीत दोन कुसळं अडकलेली निघाली. डोंगरावरच्या वाळल्या गवताचं हे बी कपड्यात एकदा शिरलं की धुण्यातूनही निघत नाही. मी ती उपटली नाहीत. स्वेटर तसाच अंगात घातला आणि ओट्यावर बसलो.

चार वर्षांपूर्वीचा हिवाळा. त्याच्या आधीचे माझे सगळे हिवाळे गाडीत गेले होते.

तीस वर्षं मी गाडी चालवली. पांढरकवड्यातल्या एका मालकाची मिनीबस होती. सकाळी झरीकडच्या गावांना जायची, संध्याकाळी परत यायची. रस्त्याच्या उजव्या हाताला सागाचे डोंगर लागत. कुठल्या वळणावर दुसरा गिअर टाकायचा, कुठं हॉर्न द्यायचा, कुठं गाई आडव्या येतात, हे मला झोपेतही सांगता आलं असतं. त्या डोंगरांच्या आत एकावर एक अशी तीन तळी आहेत, हे मी ऐकून होतो. बाजाराच्या दिवशी ढीवर लोक तिथले मासे आणि शिंगाडे टोपल्यांत घेऊन माझ्याच गाडीत बसत. गाडीभर ओला वास सुटायचा. पण त्या डोंगराला मी कधी पाय लावला नव्हता. ज्याच्या हातात स्टेअरिंग असतं, त्याला रस्ता तेवढा दिसतो.

मग माझी बायको मंगला गेली. दोन वर्षांनी मालकानं गाडी विकली. सवय मात्र राहिली. मी पहाटे चारला उठायचो, आंघोळ करायचो, बूट घालायचो आणि खुर्चीत बसून राहायचो. माझी मुलगी रूपा यवतमाळला शाळेत शिकवते. एकदा ती अचानक आली आणि मला तसं बसलेलं पाहिलं. आठ दिवसांनी तिचा फोन आला.

"बाबा, तुमच्याकडची काही माणसं दर रविवारी डोंगरात चालायले जातात. मी तुमचं नाव देल्लं."

"चालायले कायले माणसं पाहिजे? मी एकटा नाही चालू शकत?"

"वाघ आहे तिकडं," ती म्हणाली. "एकट्यानं जाता येत नाही. अन् बूट तर तुम्ही तसेही घालूनच बसता."

पहिल्या रविवारी जीपनं आम्हाला डोंगराच्या पायथ्याशी एका कोलाम पोडावर सोडलं. पोड म्हणजे कोलाम आदिवासींची वस्ती, वीस-बावीस घरांची. कुडाच्या भिंती स्वच्छ सारवलेल्या, अंगणात तुरीच्या काड्यांचा भारा, आणि चुलींचा धूर जमिनीलगतच रेंगाळत असलेला. आम्ही चौदा जण होतो. दुकानदार, मास्तर, बँकेतल्या दोन बाया. आमची वाटाडी लक्ष्मीबाई टेकाम. वय चाळिशीचं, लुगड्याचा काष्टा घट्ट, पायात पुरुषी कॅनव्हासचे बूट, गळ्यात शिटी आणि हातात काठी. उन्हाळ्यात ती जंगलात जाळरेषा काढायच्या कामावर जायची. वणवा लागू नये म्हणून गवताचे पट्टे साफ करायचे, ते काम. त्यामुळं डोंगराचा दगड न् दगड तिच्या ओळखीचा.

"तीन वाटा हायेत," ती म्हणाली. "खालच्या तळ्याची बोलती वाट. गप्पा मारत जाता येते. मधल्या तळ्याची अर्धी. अर्धं बोलान, अर्धं गिळान. वरच्या तळ्याची मुकी. तिच्यावर कोणी बोलून राह्यला, तर समजा थो खरा चालूनच नाही राह्यला."

सगळे हसले. मी निघालो तो सुसाट. खालच्या तळ्याची वाट, म्हणजे माझ्या हिशेबात सपाट रस्ता. लक्ष्मीबाईच्याही पुढं गेलो. तिनं शिटी वाजवली, मला थांबवलं आणि खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"काका, तुम्ही काय काम करत होते?"

"डायवर होतो."

"मंग तुम्ही मागं राहा. डायवरले मागचं पाह्यची सवय असते. आपल्या मागं कोणी राह्यला नाही, एवढंच पाहा. मी पुढं, तुम्ही मागं, बाकीचे मधात."

मला वाईट वाटलं. माझ्या गाडीला सहसा कुणी मागं टाकत नसे. पण ऐकलं. आणि त्या दिवसापासून मी शेवटचा झालो.

शेवटून चालण्यात एक सुख आहे, ते मला त्या हिवाळ्यात कळलं. पुढून बोलत बोलत माणसं निघून जातात. त्यांच्या आवाजानं पाखरं उडतात, सरडे दडतात. शेवटचा माणूस पोचेपर्यंत सगळं परत जागेवर आलेलं असतं. तळ्याच्या काठावर उडालेली बदकं पुन्हा पाण्यावर उतरायची. काही आमच्याकडची, काही थंडीत दुरून आलेली, विटकरी रंगाची, जोडीजोडीनं फिरणारी. सागाची पानं सुपाएवढी मोठी, एक पान पडलं तरी कुणी चालत आल्यासारखा आवाज व्हायचा. बोराटीची बोरं उन्हानं तापली की गोड वास सुटायचा. पुढच्यांच्या बुटांचे ठसे ओल्या मातीत दिसत. कोण दमला, कोण थांबून वळून पाहत उभा राहिला, हे मला ठशांवरून कळायला लागलं.

आणि माझ्या पुढं, सगळ्यांच्या शेवटी, कायम एकच माणूस असायचं. सुमन सिस्टर.

सिस्टर म्हणजे नर्स. त्यांची सगळी नोकरी झरीकडच्या खेड्यांत लसी टोचण्यात आणि बाळंतपणं करण्यात गेली. लग्न केलं नव्हतं. माझ्याहून दोन वर्षांनी लहान. डावा गुडघा दुखायचा, म्हणून हळू चालायच्या, आणि दुखत नसता तरी हळूच चालल्या असत्या. वाटेत जे दिसेल त्याच्यापाशी थांबायच्या. कोळ्याचं जाळं, दगडावरचा शेवाळाचा ठिपका, रानडुकरानं उकरलेली माती. पहिले दोन रविवार मी त्यांच्या मागं नुसता उभा राहायचो. आतून चिडायचो. तिसऱ्या रविवारी त्या वळून म्हणाल्या,

"तुम्ही मिनीबसवर होते ना? निळ्या पट्ट्याच्या?"

"हो," मी म्हणालो. मला बरं वाटलं. ओळख निघाली.

"एकदा तुम्ही गाडी थांबवली नव्हती. पावसाळा होता. मी फाट्यावर उभी होती, लसीचा डबा घेऊन. हात दाखवला."

"गाडी भरली असेल, सिस्टर."

"भरली होती. टपावरही माणसं होती, मले दिसलं. त्याचं काही नाही. पण तुम्ही काचेतून हात हलवला. मागची गाडी येऊन राह्यली, असा. मी पाऊण तास उभी राह्यली. मागं गाडी नव्हतीच." त्या हे अगदी शांतपणे सांगत होत्या. "मंग नऊ किलोमीटर चालली. पोचली तवा बाया लेकरं घेऊन घरी गेल्या होत्या. डब्यातला बर्फही पाणी झाला होता."

ती सकाळ मला आठवत नव्हती, पण हात आठवत होता. मागून येते आहे, असा हात मी रोज करायचो. दिवसातून दहादा. गाडी भरली की रस्त्यावरची माणसं ओरडू नयेत, आशेवर राहावीत, म्हणून. मागं कुठलीच गाडी नसायची, हे माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आरशात दिसायचं की. धूळ आणि त्या धुळीत लहान होत जाणारी माणसं.

तो आठवडा मला जड गेला. स्वयंपाक करताना, भांडी घासताना फाट्यावरची माणसं दिसायची. म्हाताऱ्या, पोटुशा बाया, परीक्षेला निघालेल्या पोरी. पुढच्या रविवारी जीपमधून उतरल्या उतरल्या मी सिस्टरांजवळ गेलो.

"सिस्टर, मी खोटा हात दाखवला होता. तुम्हालेच नाही, लय लोकाइले दाखवला."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मला वाटलं, आता म्हणतील, जाऊ द्या, जुनी गोष्ट आहे. तसं त्या म्हणाल्या नाहीत. खांद्यावरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. पाण्याची बाटली, डबा, छत्री, चादर, एवढं सगळं तिच्यात.

"नऊ किलोमीटर," त्या म्हणाल्या. "खालच्या तळ्याची वाट तीन किलोमीटर आहे. तीन रविवार."

तीन रविवार मी ती पिशवी वाहिली. माझ्या आयुष्यात मी कुणाचं इतकं आनंदानं काही वाहिलं नसेल. चौथ्या रविवारी मी हात पुढं केला, तर त्या म्हणाल्या, "फिटलं ना आता?" मी हात तसाच ठेवला. त्यांनी क्षणभर विचार केला आणि पिशवी दिली.

त्या हिवाळ्याचे पुढचे रविवार मला वेगवेगळे आठवत नाहीत. एकच लांब सकाळ असावी, तसे ते आठवतात. पाण्यावरून धुकं उठायचं आणि मधल्या खिंडीत येऊन अडायचं. सिस्टरांच्या डब्यात अंबाडीची भाजी असायची, माझ्या डब्यात ज्वारीची भाकरी. त्यांना भाकरी थापता येत नव्हती. नोकरीभर खानावळीचा डबा खाल्लेला. "मले इंजेक्शन द्याले सांगा, भाकर नका सांगू," म्हणायच्या. कधी लक्ष्मीबाई पोडावर थांबवून तुरीच्या शेंगा उकडून द्यायची. मिठाच्या पाण्यातल्या त्या शेंगा सोलताना बोटं चिकट व्हायची. आमच्या शेंगा सगळ्यांच्या शेवटी संपायच्या.

सिस्टरांनी मला श्वास घ्यायला शिकवलं. चढावर चार पावलं आत, चार पावलं बाहेर. मी त्यांना दगडाचा अंदाज शिकवला, कुठला दगड पायाखाली सरकेल आणि कुठला नाही. खराब रस्त्यावर गाडी चालवून आलेली माझी विद्या ती. पौषात आम्ही मधल्या तळ्यापर्यंत गेलो. अर्ध्या वाटेचं अर्धं बोलणंही पुरत नाही, इतकं बोलायला साचलेलं असायचं. मी मंगलाविषयी बोललो. तिच्या शेवटच्या आजारपणात मी एकही खेप चुकवली नव्हती, आणि त्याचा मला तेव्हा अभिमान वाटायचा, हेही सांगितलं. हे मी रूपालाही कधी बोललो नव्हतो. सिस्टर ऐकत राहिल्या. मग म्हणाल्या, "आता चला. पुढचे थांबले असतील."

गाव लहान असलं की दोन माणसं मागं राहिलेली लगेच दिसतात. कुणी तरी रूपाला सांगितलं. तिचा फोन आला तेव्हा मी भाकऱ्याच करत होतो. आठवड्याच्या मधातच सवयीनं दोघांपुरत्या चार भाकऱ्या थापून ठेवल्या होत्या.

"बाबा, लोक बोलून राह्यले."

"काय बोलून राह्यले?"

"तुम्हाले माहीत आहे. मी तुमचं नाव चालायले दिलं होतं, बाबा. माझ्या सासरीही गोष्ट गेली. अन् त्या... आपल्या समाजाच्या नाही, असंही म्हणत होते."

सिस्टरांच्या घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर आहे. आमच्या देवघरात विठोबा. मला त्यात कधी काही अडलं नव्हतं, पण फोनवर पोरीचा आवाज ऐकला आणि माझा धीर सुटला. पुढच्या रविवारी मी गेलो नाही. त्याच्या पुढच्याही. पहाटे उठलो, बूट घातले, खुर्चीत बसलो. जीप चौकात यायची वेळ झाली, टळून गेली. ते दोन रविवार फार लांब होते. भिंतीवरचं ऊन खिडकीपासून दारापर्यंत सरकताना मी पाहिलं.

मग लक्ष्मीबाईचा फोन आला. तिच्या फोनवर मागून कोंबड्यांचा आवाज येत होता.

"काका, तब्येत बरी नाही का?"

"बरी आहे."

"मंग काहून नाही येत? या रविवारी वरच्या तळ्यावर जाणं हाय. गवत वाळलं, आता आगीचा टाइम येते. हा शेवटचा. सिस्टर म्हणतात मी येते. मागं माणूस नसन तर मी त्याइले नेत नाही. त्याइले मी तसं सांगितलं."

"मग त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, विचारू नको त्याइले. स्वतःहून येईन तर येईन." लक्ष्मीबाईनं कोंबड्या हाकलल्या. "पण मी विचारून राह्यली."

मी रूपाला फोन केला. म्हणालो, रविवारी मी जाणार आहे, तुला यायचं असेल तर ये आणि स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. इतकं सरळ मी तिच्याशी कधीच बोललो नव्हतो. शनिवारी संध्याकाळी ती आली. जेवताना आम्ही दोघंही हवेबद्दल बोललो.

त्या रविवारी पळस फुलला होता. पानं गळालेल्या डोंगरावर नारिंगी ठिपके, आणि खाली वाळलेलं गवत पायाशी कडकड वाजत होतं. वरच्या तळ्याची वाट खरंच मुकी. मुरुमाचा उभा चढ, धावड्याच्या मुळ्या धरून वर सरकायचं. रूपा लक्ष्मीबाईसोबत पुढं होती. सिस्टरांना मी सकाळी नमस्कार केला, त्यांनी मान हलवली. दोन रविवारांबद्दल त्यांनी विचारलं नाही. पिशवी मात्र त्यांच्याच खांद्यावर होती, आणि मला ती मागायचं धाडस झालं नाही.

अर्ध्याच्या वर गेलो असू. मुरूम सरकला, सिस्टरांचा पाय मुडपला आणि त्या खाली बसल्या. ओरडल्या नाहीत. ओठ पांढरे पडले. मागच्या माणसाकडं म्हणून लक्ष्मीबाईनं दिलेली शिटी मी वाजवली. लक्ष्मीबाई उड्या मारत खाली आली, तिनं गुडघा दाबून पाहिला.

"मोडलं नाही. पण वरतं नाही जाता येत."

"सगळ्याइले माघारी नेऊ नको," सिस्टर म्हणाल्या. "मी इथं बसते. तुम्ही या जाऊन."

लक्ष्मीबाईनं आम्हाला एका मोठ्या सपाट खडकावर बसवलं. मोकळी जागा होती, चहूकडं नजर जात होती. तिनं शिटीच्या खुणा ठरवून दिल्या आणि बाकीच्यांना घेऊन ती वर गेली. आम्ही दोघंच राहिलो. मला खूप बोलायचं होतं. पण चढाचा दम अजून छातीत होता, आणि दम उतरल्यावरही शब्द येईनात.

इतक्यात वरून पावलं वाजली. रूपा परत आली होती. ती सिस्टरांच्या पायाशी बसली, अंगावरची ओढणी काढून पाण्यानं भिजवली आणि गुडघ्याला गुंडाळायला लागली.

"घट्ट नको," सिस्टर म्हणाल्या. "बोटं काळी पडतील. हं, अशी."

ओढणी बांधून झाली. रूपा तिथंच बसून राहिली. मग म्हणाली, "मी लक्ष्मीबाईले विचारलं, सिस्टर कशा आहेत म्हणून. तर त्या तुमच्याबद्दल बोलल्याच नाही. म्हणाल्या, तुझे बाबा पहिल्या दिवशी आले तवा पळून राह्यले होते. घरी वाट पाहणारं कोणी नसलेला माणूस असा पळते. आता थे चालतात."

खाली मधलं तळं आरशासारखं चमकत होतं. त्यावर एक ढीवर डोंगा वल्हवत होता. आवाज काहीच नाही, फक्त मागं पाण्याची रेघ उमटत होती. आम्ही तिघंही त्याच्याकडंच पाहत होतो.

"सिस्टर," रूपा म्हणाली, "बाबाले तुम्हाले काही विचारायचं आहे. पण थे विचारणार नाही. मले माहीत आहे ना त्यांचं. म्हणून मीच विचारते."

सिस्टरांनी माझ्याकडं पाहिलं, मग रूपाकडं.

"तुह्या सासरचे?"

"बोलतील दोन महिने."

"अन् तू?"

"मी बोलून घेतलं मागच्या महिन्यात," रूपा म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "आता नाही बोलत."

सिस्टरांनी खांद्यावरची पिशवी काढली, त्यातून डबा काढला, झाकण उघडून रूपापुढं धरला. "खा," म्हणाल्या. "सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही." मग माझ्याकडं न पाहता म्हणाल्या, "वामनराव, मले भाकर थापता येत नाही, हे तुम्हाले माहीत आहे."

"मले येते," मी म्हणालो. त्या सबंध चढावर मी बोललेले तेवढेच दोन शब्द.

वैशाखात यवतमाळच्या कचेरीत आम्ही सह्या केल्या. माझ्या थोरल्या भावानं वर्षभर बोलणं सोडलं. सिस्टरांचा भाऊ आला, पण जेवला नाही. लक्ष्मीबाई मात्र पोडावरून दोन गाड्या बदलून आली, पदराला चारोळ्या बांधून. साक्षीदार म्हणून सही करताना तिनं पेन असा घट्ट धरला, की कागद फाटतो काय असं वाटलं. तिनं नाव पूर्ण लिहिलं, मात्रा-वेलांटीसकट, आणि एकदा वाचून पाहिलं.

मी सुमनच्या घरी राहायला गेलो. माझं भाड्याचं होतं. बुद्धाच्या तसबिरीशेजारी आता विठोबा आहे, आणि दोघांच्या पुढं एकाच वाटीतली फुलं. सुमनला अजूनही भाकरी येत नाही. एकदा तिनं थापून पाहिली, मी ती खाल्ली, आणि आमच्यात तो विषय पुन्हा निघाला नाही. रूपा सुट्टीत येते तेव्हा दोघी माझ्या घोरण्यावर बोलतात. मी भांडी घासता घासता ऐकतो.

आता उजाडायला लागलंय. आत सुमन पिशवी भरतेय, बाटली डब्यावर आपटल्याचा आवाज आला. आज या हिवाळ्याचा पहिला रविवार. यंदा पाऊस बरा झाला, तिन्ही तळी भरली आहेत म्हणे.

वरच्या तळ्यावर आम्ही अजून गेलेलो नाही. दर वर्षी शेवटच्या रविवारी निघतो, त्या सपाट खडकापर्यंत पोचतो आणि बसतो. तिचा गुडघा तिथून पुढं नाही म्हणतो, आणि माझंही काही अडत नाही. डबा उघडतो. ऊन वर येतं. तासाभरानं पुढं गेलेली माणसं परत येतात, घामानं भिजलेली, आणि वरच्या तळ्याचं सांगायला लागतात. कुणी म्हणतं पाणी हिरवं आहे, कुणी म्हणतं काळं. कुणी म्हणतं लहानसं आहे, कुणी म्हणतं पलीकडचा काठ दिसत नाही. आम्ही सरकून त्यांना खडकावर जागा करून देतो आणि सगळ्यांचं ऐकून घेतो.